सर सय्यद अहमद खान : राज्यकर्त्यांना त्यांच्या चुका दाखविणारे न्यायाधीश

1857 चा उठाव म्हटला की आपल्याला मीरतची छावणी आणि चरबीची काडतुसे आठवतात. परंतु त्या उठावाची मुळे खुद्द राज्यकर्त्यांच्या कारभारात होती, हे त्यांनाच लेखी सांगण्याचे धैर्य त्यांच्या एका हिंदी नोकराने दाखविले. ते म्हणजे सर सय्यद अहमद खान.

त्यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1817 रोजी दिल्लीस झाला. वडिलांच्या निधनानंतर ते कंपनीच्या न्यायखात्यात नोकरीस लागले. 1857 साली ते बिजनौर येथे सदर अमीन होते. तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचविले. इकडे इंग्रज फौजेने दिल्ली घेतली तेव्हा मात्र त्यांचे आप्त मारले गेले. अन्नपाण्यावाचून लपून राहिलेल्या वृद्ध मातोश्रींना त्यांनी मीरतला आणले. तेथे त्या लवकरच पैगंबरवासी झाल्या.

उठावाचा सारा दोष मुसलमानांच्या माथी मारला जात होता. तेव्हा सय्यद अहमद यांनी ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ हे पुस्तक लिहिले. कायदे करणाऱ्या कौन्सिलात एकही हिंदी माणूस नाही, म्हणून सरकारला रयतेचे दुःख कळत नाही आणि रयतेला सरकारचा हेतू कळत नाही, हे मूळ कारण त्यांनी मांडले. धर्मात ढवळाढवळ होईल ही भीती, जमिनीचा जबर सारा, जमीनदाऱ्यांचे लिलाव, बेकारी आणि अधिकाऱ्यांची मग्रुरी यांचीही त्यांनी साधार चर्चा केली. काडतुसे ही केवळ ठिणगी होती.

मित्रांनी पुस्तक जाळून टाकण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. 1859 साली 500 प्रती छापून त्यांनी बहुतेक विलायतेस पाठविल्या. एका बड्या अधिकाऱ्याने हे लिखाण राजद्रोही ठरविले, परंतु सरकारने शिक्षा केली नाही. पुढे 1861 च्या कायद्याने कौन्सिलात हिंदी सभासद नेमण्याची वाट खुली झाली. पहिल्या तीन सभासदांत ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे हेही होते.

केवळ गाऱ्हाणे मांडून भागणार नाही, समाज शिकला पाहिजे, हे सय्यद अहमद यांनी ओळखले. 1875 साली त्यांनी अलीगढला मदरसा सुरू केला. त्याचेच पुढे कॉलेज व 1920 मध्ये विद्यापीठ झाले. इंग्रजी शिक्षणाच्या पुरस्कारामुळे स्वकीयांनी त्यांना काफिर ठरविले, तरी ते डगमगले नाहीत. पुढे त्यांनी काँग्रेसला विरोध केला. ते मत सर्वांना पटले नाही. 27 मार्च 1898 रोजी ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रांनो, अन्याय दिसला तर त्याचा अभ्यास करा, पुरावे जमवा आणि निर्भयपणे मांडा. पालकबंधुभगिनींनो, अशी मुले घडवायची तर मुलगा असो वा मुलगी, त्यांची शाळा अर्ध्यावर सोडवू नका.