विश्लेषण : बिलियर्ड्सच्या चेंडूने जगाला प्लास्टिक कसे दिले? कोण होते जॉन वेस्ली हायट?

पूल किंवा स्नूकरच्या टेबलावरचे रंगीत, चकचकीत चेंडू आज प्लास्टिकचे असतात. दीडशे वर्षांपूर्वी मात्र चांगला चेंडू म्हणजे हस्तिदंताचाच, असे समीकरण होते. त्याला पर्याय शोधताना अमेरिकेतील एका मुद्रकाने सेल्युलॉइड तयार केले आणि प्लास्टिक उद्योगाचा पाया घातला गेला.

हस्तिदंताची अडचण काय होती?

चेंडूचे वजन सगळीकडे सारखे विभागलेले हवे, नाही तर तो सरळ घरंगळत नाही. त्यामुळे सुळ्याच्या नेमक्या मध्यातूनच चेंडू कापावा लागे. एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. त्यातही हस्तिदंत हवेतील ओलावा शोषतो आणि वेगवेगळ्या दिशांना कमी-जास्त फुगतो. परिणामी महागडा चेंडूही कालांतराने गोल राहत नसे. हत्तींची शिकार वाढत होती, तसा कच्चा माल महाग होत होता. अखेर १८६०च्या दशकात न्यूयॉर्कमधील फेलन अँड कॉलेंडर या बिलियर्ड्स साहित्याच्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय देणाऱ्यासाठी १० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले.

हायट या शोधाकडे कसे वळले?

हायट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८३७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील स्टार्की येथे झाला. सोळाव्या वर्षी ते इलिनॉय राज्यात गेले आणि छपाईचे काम शिकले. रसायनशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पुढे ऑल्बनी शहरात मुद्रकाची नोकरी करता करता त्यांनी चेंडूचे प्रयोग सुरू केले. १८६५ मध्ये त्यांना चेंडूचे पहिले पेटंट मिळाले. नंतर त्यांनी चेंडूवर कोलोडियनचा, म्हणजे द्रवात विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचा थर चढवून पाहिला. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही. दोन चेंडू जोरात आदळले की कधी कधी बारीक बार उडे. कोलोरॅडोतील एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाने याबद्दल पत्र पाठवल्याचे हायट यांनी उतारवयात सांगितले होते. मालकाला त्या आवाजाचे काही वाटत नव्हते, पण तो ऐकताच गुत्त्यातली सगळी गिऱ्हाइके पिस्तूल उपसत, ही त्याची अडचण होती!

सेल्युलॉइड कसे तयार झाले?

हायट आणि त्यांचे बंधू आयझाया यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून मिश्रणाला उष्णता व दाब दिला. त्यातून गरम असताना हवा तसा आकार घेणारा आणि थंड झाल्यावर कडक होणारा पदार्थ मिळाला. १८७० मध्ये त्याचे पेटंट मिळाले. सेल्युलॉइड हे नाव आयझाया यांनी दिले. १८७२ मध्ये दोघा भावांनी हा पदार्थ साच्यात दाबून भरणाऱ्या यंत्राचेही पेटंट घेतले. आजच्या इंजेक्शन मोल्डिंगचे मूळ तिथे आहे.

श्रेयावरून वाद का झाला?

इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी असाच पदार्थ आधी बनवला होता. त्यांचे सहकारी डॅनियल स्पिल यांनी हायट यांच्या कंपनीवर खटला भरला. तो १८८४ पर्यंत चालला. मूळ शोधाचे श्रेय पार्क्स यांच्याकडे गेले, मात्र हायट यांचे उत्पादन सुरू राहिले. पदार्थ पहिल्यांदा बनवणे आणि तो कारखान्यात सातत्याने, स्वस्तात बनवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायट यांचे खरे यश दुसऱ्या गोष्टीत होते.

मग हत्ती वाचले का?

पूर्णपणे नाही. सेल्युलॉइडचा चेंडू हस्तिदंतासारखा तंतोतंत उसळत नसल्याने अव्वल खेळाडू पुढेही बरीच वर्षे हस्तिदंतच वापरत राहिले. हायट यांना १० हजारांचे बक्षीस मिळाल्याची नोंदही आढळत नाही. सेल्युलॉइड मात्र कंगवे, कॉलर, खेळणी आणि पुढे सिनेमाच्या फितीपर्यंत पोहोचले. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही याच जातीच्या फितीवरचा. हायट यांनी नंतर पाणी गाळण्याची यंत्रणा, ऊस गाळण्याचे यंत्र आणि रोलर बेअरिंग यांवरही काम केले. १९१४ मध्ये त्यांना पर्किन पदक मिळाले. १० मे १९२० रोजी त्यांचे निधन झाले.

आज चेंडू घेताना काय पाहावे?

चांगले चेंडू आता फिनॉलिक रेझिनचे असतात. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटर, तर स्नूकरचा ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. सुटे चेंडू गोळा करण्याऐवजी पूर्ण संच घ्यावा, कारण संचातील चेंडूंचे वजन जुळलेले असते. पांढरा चेंडू प्रत्येक फटक्याला मार खातो आणि लवकर झिजतो, त्यामुळे त्याचे वजन अधूनमधून तपासावे. खडूची भुकटी मऊ कापडाने पुसावी, तीव्र रसायने टाळावीत. साहित्य बदलले, तरी हायट यांच्यापुढची अट आजही तीच आहे : चेंडू गोल हवा, समतोल हवा आणि तसाच टिकायला हवा.