कॉम्प्युटरला 'सी ड्राइव्ह' देणारा गडी विस्मरणात गेला, पण त्याचा कोड आज सगळ्यांचा आहे

विंडोजचा कॉम्प्युटर चालू केला की पहिला दिसतो तो सी ड्राइव्ह. मग ए आणि बी कुठे गेले? उत्तर सोपं आहे. ही दोन अक्षरं फ्लॉपीसाठी होती. फ्लॉपी गेल्या, अक्षरं रिकामी राहिली आणि सी मात्र आहे तिथेच राहिला.

ड्राइव्हला अशी अक्षरं देण्याची पद्धत छोट्या कॉम्प्युटरच्या जगात रुळवली ती सीपीएम नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने. ती बनवणारा माणूस होता गॅरी किल्डॉल. बिल गेट्स सगळ्यांना माहीत आहे, गॅरी मात्र फारसा कुणाला आठवत नाही. ज्यांना आठवतो त्यांनाही एकच किस्सा माहीत असतो, आणि तोही अर्धवट.

गॅरीचा जन्म 19 मे 1942 चा, अमेरिकेतल्या सिअॅटलचा. घरची जहाजं चालवायचं शास्त्र शिकवणारी शाळा होती. गॅरीलाही शिक्षकच व्हायचं होतं, गणिताचा. पण युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये त्याला कॉम्प्युटरचा नाद लागला आणि 1972 मध्ये त्याने त्याच विषयात पीएचडी केली. नोकरी होती कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेमध्ये, नौदलाच्या पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवण्याची.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र. 1971 मध्ये इंटेलने 4004 ही मायक्रोप्रोसेसर चिप आणली. ती मुख्यतः कॅल्क्युलेटरसारख्या उपकरणांसाठी होती. गॅरीला मात्र त्यात अख्खा कॉम्प्युटर दिसला. तो इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागला आणि 1973 मध्ये त्याने पीएल/एम ही भाषा तयार केली. त्यामुळे मायक्रोप्रोसेसरसाठी प्रोग्रॅम लिहिणं बरंच सोपं झालं.

पुढची अडचण होती फ्लॉपी ड्राइव्हची. ड्राइव्ह मिळाला, पण तो चिपला जोडायचा कसा? जॉन टोरोड या मित्राने जोडणीचं सर्किट बनवलं आणि गॅरीने त्यावर चालणारं सॉफ्टवेअर लिहिलं. 1974 मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावातल्या घरामागच्या शेडमध्ये ते चाललं. तेच सीपीएम. गॅरीने ते इंटेलला देऊ केलं, पण इंटेलने रस दाखवला नाही.

मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली. डिजिटल रिसर्च हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, म्हणून सुरुवातीला नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. कोड गॅरी बघायचा, धंदा आणि करारमदार डोरोथी.

आता सीपीएममध्ये एवढं खास काय होतं?

तेव्हा प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा असायचा. एका मशीनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. गॅरीने सिस्टिमचे भाग पाडले. कीबोर्ड, स्क्रीन, फ्लॉपी यांच्याशी बोलणारा छोटा भाग वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. नवीन मशीन आलं की तेवढाच भाग नव्याने लिहायचा, बाकी सगळं तसंच. त्यामुळे एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कितीतरी कंपन्यांच्या मशीनवर चालू लागला. आपल्याकडे पुढे कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवले गेलेले वर्डस्टार आणि डीबेस हे मुळात सीपीएमवर वाढलेले प्रोग्रॅम. बायोस हा शब्द तर पीसीच्या जगात कायमचा राहिला.

मग आलं 1980. आयबीएमला आपल्या नव्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. त्यांची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली, तेव्हा गॅरी स्वतःचं विमान घेऊन बाहेर गेला होता. गॅरी हवेत मजा मारत बसला आणि साम्राज्य घालवलं, असा किस्सा यावरून तयार झाला. खरं तर तो कामानिमित्त एका ग्राहकाकडे गेला होता आणि करार बघणं हे नेहमीप्रमाणे डोरोथीचं काम होतं. आयबीएमने पुढे केलेला गोपनीयतेचा करार फारच एकतर्फी होता, त्यामुळे तिने लगेच सही केली नाही. पुढे बोलणी झाली, पण व्यवहार जमला नाही.

आयबीएम परत मायक्रोसॉफ्टकडे वळली. सिअॅटलच्याच एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसनने 86-डॉस ही सिस्टिम लिहिली होती. सीपीएमवरचे प्रोग्रॅम सहज बदलून तिच्यावर आणता यावेत अशा बेताने ती केलेली होती. मायक्रोसॉफ्टने ती लाख डॉलरपेक्षाही कमी किमतीत विकत घेतली. आयबीएम पीसी ऑगस्ट 1981 मध्ये बाजारात आला, त्यावर हीच सिस्टिम होती.

गॅरीने ती पाहिली आणि तो भडकला. पण सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा अजून धूसर होता. शेवटी आयबीएमने सीपीएमसुद्धा विकायचं कबूल केलं. दुकानात मात्र डॉसची किंमत होती साधारण 40 डॉलर आणि सीपीएमची 240. लोकांनी काय घेतलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

गॅरी त्यानंतर रिकामा बसला नाही. 1985 मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने ग्रोलियरचा अख्खा विश्वकोश एका सीडी-रॉमवर आणला. 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या टीव्ही कार्यक्रमातून त्याने अमेरिकेला कॉम्प्युटर समजावून सांगितला. पण डॉसचा सल गेला नाही आणि दारू वाढली. 1991 मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेलने विकत घेतली. जुलै 1994 मध्ये मॉन्टेरेमधल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, 11 जुलैला, तो गेला. वय फक्त 52.

माणूस गेला, सीपीएमचा बाजारही कधीच उठला होता. उरला होता फक्त कोड.

अशा सॉफ्टवेअरला बेवारस म्हणतात खरं, पण कायद्याने ते बेवारस नसतं. कुणी विकत नाही, कुणी दुरुस्त करत नाही, तरी मालकी कुणाची तरी असतेच. अमेरिकेत कंपनीच्या नावावरचा कॉपीराइट प्रकाशनापासून 95 वर्षं चालतो. तेवढी वर्षं फ्लॉपी टिकत नाही आणि ती वाचणारं मशीनही उरत नाही.

सीपीएमचे हक्क नोव्हेलकडून 1996 मध्ये कॅल्डेराकडे गेले. पुढच्याच वर्षी एका हौशी माणसाने कंपनीकडे चक्क परवानगी मागितली आणि कंपनीने दिली. 2001 मध्ये तो वारला, तेव्हा हक्क असलेल्या लिनिओ कंपनीच्या ब्रायन स्पार्क्स यांनी परवानगी पुन्हा लिहून दिली. पण मजकूर असा होता की ती मागणाऱ्यापुरती आहे की सगळ्यांसाठी, हेच कळेना. हा घोळ तब्बल वीस वर्षं चालला. अखेर 2022 मध्ये स्पार्क्स यांनी खुलासा केला की सीपीएम कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं. काही ओळींच्या पत्राने दोन दशकांची शंका मिटली.

मधल्या काळात 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने सीपीएमच्या 40 वर्षांनिमित्त सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड खुला केला होता, अव्यावसायिक वापरासाठी. त्यातला सगळ्यात जुना भाग कागदावरच्या छापील प्रतीवरून स्कॅन केलेला होता. तो कागद कुणी रद्दीत घातला असता तर विषय संपला होता. त्याच वर्षी जुन्या डॉसचा कोडही म्युझियममध्ये आला. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये तो ओपन सोर्स केला आणि 2024 मध्ये डॉस 4 सुद्धा.

याचा उपयोग काय? एक म्हणजे, डॉस हे सीपीएमवरून चोरलं का, हा तीस वर्षांचा वाद तपासता आला. कोड शेजारी ठेवून पाहिल्यावर ओळी उचलल्याचा पुरावा सापडला नाही. पण प्रोग्रॅम सिस्टिमला काम सांगताना जे क्रमांक वापरतात, त्यातले बरेचसे दोन्हीकडे तेच आहेत. म्हणजे कोड वेगळा, पण आराखडा गॅरीचा. दुसरं म्हणजे, आज हौशी लोक घरी सर्किट जोडून त्यावर सीपीएम चालवतात, तेही कायद्याला धरून.

2014 मध्येच पॅसिफिक ग्रोव्हमध्ये कंपनीच्या जुन्या इमारतीसमोर गॅरीच्या कामाची पाटी लागली. विमानाचा किस्सा लोक सांगतच राहतील. पण गॅरीने नेमकं काय केलं होतं, हे बघायला आता कुणाच्या किश्श्यावर अवलंबून राहायची गरज नाही. त्याचा कोड उघडायचा आणि वाचायचा.