बोर्डिंगातून काढलेला मुलगा

होस्टेलवर पहिल्या रात्री काय काय विचारतात हे सगळ्यांना माहीत आहे. नाव काय, गाव कुठलं, सीईटीला किती, आणि मग जरा थांबून, सहज विचारल्यासारखं, सीट कुठली? म्हणजे कॅटेगरी कुठली. मीही त्या रात्री त्याच कॉटवर बसलो होतो. माझ्या आडनावावरून चटकन काही कळत नाही. त्यामुळे मी ओपन म्हणून मोकळा झालो. एका शब्दाचं काम होतं, झालं.

पण त्या एका शब्दानं पुढची दोन वर्षं माझा पिच्छा सोडला नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मी सायबर कॅफेत एकटाच जायचो. वडील भेटायला आले की त्यांना रूमवर न आणता परस्पर कॅन्टीनला न्यायचो. पार्टनरच्या आईनं पाठवलेल्या डब्यातली पोळी खाताना मनात यायचं, हिला माहीत असतं तर? कुणी मला काही बोललं नव्हतं बरं का! सगळा खटाटोप माझा मीच करत होतो.

मॅगझिनच्या सरांनी मराठी विभागासाठी एखादं चरित्र लिही म्हणून सांगितलं, तेव्हा मी सोपं काम म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतलं. आमचे आजोबा रयतच्या शाळेत शिकलेले. घरात त्या दाढीवाल्या अण्णांचा फोटो लहानपणापासून बघितलेला. म्हटलं दोन पुस्तकं चाळू, पानं भरू. पण वाचता वाचता एका जागी अडकलो, ते सांगतो.

मित्रांनो, हा माणूस आपल्या वारणेकाठचा आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? जन्म २२ सप्टेंबर १८८७, हातकणंगले तालुक्यातलं कुंभोज. ते त्यांचं आजोळ. मूळ घर नदीच्या पलीकडं, वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकला. घराणं जैन, वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून. म्हणजे घर खाऊनपिऊन बरं, समाजात मान असलेलं. त्यांना स्वतःला कुणी विहिरीवरून हाकललं नव्हतं की शाळेबाहेर बसवलं नव्हतं. तरी लहानपणीची एक गोष्ट त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. विहिरीवर अस्पृश्य बायका पाण्यासाठी ताटकळत उभ्या होत्या. त्यांनी स्वतः पाणी शेंदायचं नाही, कुणी वरचा आला आणि त्याच्या मनात आलं तर वाढणार. या पोरानं काय करावं? रहाट मोडून विहिरीत टाकला. घ्या म्हणावं, आता कुणालाच पाणी नाही! पोरकटपणा म्हणा हवं तर. त्यानं विहीर काही खुली झाली नसणार. पण मला आवडला तो राग.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. राजाराम हायस्कूलमध्ये शाळा, बोर्डिंगात जेवण. अभ्यासात फार चमक नव्हती. इंग्रजी सहावीच्या आसपास शिक्षण थांबलं, मॅट्रिक काही झाले नाहीत. (एटीकेटीवाल्यांनी नोंद घ्यावी, पण फार जोरात नको.) खेळात, कुस्तीत मात्र पुढे.

आता मी जिथे अडकलो ती जागा. त्या वेळी कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य. जातीजातींची वसतिगृहं महाराज काढत होते, कारण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागाच मिळत नव्हती. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्याच्या उद्घाटनाच्या समारंभाला भाऊराव गेले. परत बोर्डिंगात आले तर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ करून मगच भोजनगृहात पाय ठेवायचा. अस्पृश्यांच्यात जाऊन आलास, विटाळ झाला. भाऊरावांनी आंघोळ करायचं नाकारलं. बोर्डिंगातून काढून टाकलं.

दोन तांबे पाणी अंगावर घेतलं असतं की मिटलं असतं. कोल्हापुरात काय पाण्याला तोटा? आपण तर मेसमध्ये रेक्टर काय म्हणतील त्याला मान डोलावतो. पण ती आंघोळ केली असती तर तिकडची मुलं घाण आहेत हे कबूल केल्यासारखं झालं असतं. हे वाचलं आणि मला माझी पहिली रात्र आठवली. माझी आंघोळ मी एका शब्दात उरकली होती. कुणी सांगितलेलंही नसताना.

अजून एक गोष्ट. त्यांना काढणारे अधीक्षक म्हणजे अण्णासाहेब लठ्ठे. ते काही जुनाट कर्मठ गृहस्थ नव्हते. चांगले शिकलेले, ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी, पुढं कोल्हापूरचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिलं. अशा माणसालासुद्धा त्या दिवशी आंघोळीशिवाय जेवण चालेना. विटाळ डोक्यातून जातो पण पंगतीतून जात नाही, असं काहीतरी असावं.

आणि आता खरी कमाल पाहा. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला. साक्षीदार हवा होता. पोलिसांनी भाऊरावांना धरलं आणि लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून छळ मांडला. ज्यानं आपल्याला ताटावरून उठवलं त्याचा काटा काढायची यापेक्षा चांगली संधी कुठली? भाऊराव साक्ष द्यायला तयार झाले नाहीत. कोठडीत हाल सोसले, त्या हालात जीव द्यायचाही प्रयत्न केला, पण खोटं बोलले नाहीत. मी हे प्रकरण दोनदा वाचलं.

सुटल्यावर पोटापाण्याचं बघायला हवं होतं. मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असा भाग इथून सुरू होतो. भाऊराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. तेव्हा शेतकऱ्यांत समज असा, की लोखंडाच्या नांगरानं जमीन नासते, विष उतरतं. नांगरालासुद्धा विटाळ! ते नांगर पटवून देत हिंडायचे आणि हिंडताना सातारा जिल्ह्यातली खेडी, त्यातली शाळा नसलेली पोरं बघायचे. पुढं साताऱ्यात कूपर यांच्याबरोबर कारखाना काढण्यातही त्यांचा मोठा वाटा होता, पण मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. राहिले असते तर कारखानदार म्हणून नाव निघालं असतं.

याच फिरतीच्या आगेमागे एक पोरगा त्यांना वर्गाबाहेर बसलेला दिसला. महार समाजातला म्हणून आत घेत नव्हते. भाऊरावांनी त्याला सोबत घेतलं आणि कोल्हापूरला त्याच मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन दाखल केलं. तो पोरगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी परत लंडनला गेले तेव्हा मूकनायकाचं संपादन याच घोलपांनी सांभाळलं, आणि मुंबईच्या विधिमंडळावर ते सदस्य म्हणून गेले. दाराबाहेर बसलेला पोरगा कायदेमंडळात! मधे होतं काय, तर एका वसतिगृहातली एक कॉट.

वारणेकाठच्या दुधगावला १९१० मध्ये मित्रांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढलाच होता. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ ला संस्था साताऱ्याला आणली आणि तिथं बोर्डिंग सुरू केलं. शाहू महाराजांनी प्रत्येक जातीचं वेगळं वसतिगृह काढलं, कारण त्या वेळी तेवढंच शक्य होतं. भाऊरावांनी सगळ्या जातींचं एकच काढलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका स्वयंपाकघरात भाकरी भाजणार, एका पंगतीत जेवणार. नोकर नाही. लाकडं फोडा, पाणी आणा, भांडी घासा. कामाची वाटणी जातीवर नाही. लोकांनी नावं ठेवली, नातेवाईक तुटले. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

खरं सांगायचं तर या सगळ्यात मला भाऊरावांपेक्षा लक्ष्मीबाई जास्त अवघड वाटतात, म्हणजे त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघणं अवघड वाटतं. भाऊरावांनी निदान स्वतः ठरवलं होतं. ही बाई लग्न होऊन आली, सोवळंओवळं बघत वाढलेली, आणि नवरा एकेक पोर घरी आणतोय. कुणाचं, कुठलं, विचारायचं नाही. तिनं सगळ्यांना जेवू घातलं, आजाऱ्यांचं केलं, अंगावरचं सोनं मोडून धान्य भरलं. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना बोर्डिंगातलं धान्य संपलं, तेव्हा मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्था मोठी झालेली त्यांनी पाहिली नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पटपट सांगतो. १९३५ ला शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज, १९४० ला सयाजीरावांच्या नावाचं हायस्कूल, १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. फी नसेल तर श्रम कर आणि शिक, ही कमवा आणि शिका योजना. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं, आणि ९ मे १९५९ ला पुण्यात ते वारले. मॅट्रिक न झालेला माणूस!

लेख इथंपर्यंत लिहून झाला होता. रूमवर पार्टनरला वाचायला दिला, सुरुवातीच्या दोन परिच्छेदांसकट. तो वाचत असताना मी उगीचच वर्कशॉपचं जर्नल चाळत बसलो. वाचून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की मला शिष्यवृत्तीच्या यादीवरून दुसऱ्या सेमिस्टरलाच कळलं होतं. राग मला जातीचा नव्हता, तू दोन वर्षं माझ्याशी खोटं बोललास त्याचा होता. मग त्या पहिल्या रात्री सीट कुठली असं विचारणारा कोण होता, असं मी त्याला विचारलं. तो तोच होता. त्याला आठवत नव्हतं.

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरून डबा आला, त्यानं नेहमीसारखा मधे ठेवला. मी खाल्लं. येत्या रविवारी त्याच्या गाडीवरून ऐतवडे बुद्रुकला जायचं ठरलंय, तिथून नदी ओलांडून कुंभोज. पेट्रोल त्याचं, नाश्ता माझा. वडील त्या दिवशी यायचे आहेत, त्यांना म्हटलं थेट रूमवरच या, दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.