दोन चाकांचा समेट : जेम्स स्टार्ली

गेल्या पावसाळ्यात, पोळा होऊन चार दिवस झाले असतील, आम्ही एका विद्यार्थ्याच्या वडिलांसमवेत पांढुर्णा-सौंसर भागातील एका संत्र्यांच्या बगिच्यात जीपगाडीने गेलो होतो. परतताना गाडीचे मागचे एक चाक काळ्या मातीच्या गाऱ्यात रुतले आणि भिंगरीसारखे गरगर फिरू लागले. दुसरे चाक घट्ट, मुरमाड बांधावर टेकले होते. ते मात्र तसूभरही हालेना. आम्ही मूळचे समुद्रकाठचे, घरी कोंकणी बोलणारे; जांभ्याच्या लाल मातीत वाढलेल्या आम्हांस या चिकट मातीचा प्रताप नवाच होता. ज्या चाकाखाली पक्की जमीन आहे तेच स्वस्थ का बसते, असे त्या मुलाने आम्हांस विचारले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर; उत्तर देता आले नाही. शेजारच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली, पण प्रश्न मनात रुतून राहिला. त्याचा शोध घेता घेता जे चरित्र हाती लागले, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

जेम्स स्टार्ली याचा जन्म १८३० साली इंग्लंडातील ससेक्स परगण्यात, अल्बोर्न या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शाळेचा लाभ त्यास फारसा झाला नाही. लहान वयातच तो वडिलांच्या शेतात राबू लागला. परंतु त्याचे चित्त नांगरापेक्षा यंत्रात अधिक रमे. किशोरवयातच त्याने घर सोडले आणि लंडनजवळ जॉन पेन नावाच्या गृहस्थाकडे माळ्याची नोकरी धरली. पेन हे जहाजांची एंजिने बनविणारे नामांकित कारखानदार होते. त्यांच्या घरी शिवणयंत्र आले. ते बिघडताच या माळ्याने ते खोलून दुरुस्त केले. एवढ्यावर न थांबता त्यात सुधारणाही सुचविल्या. त्याचा हा गुण ओळखून मालकाने त्यास शिवणयंत्रांच्या धंद्यातील जोशाया टर्नर यांच्याकडे पाठविले. पुढे १८६१ च्या सुमारास टर्नर व स्टार्ली कॉव्हेंट्री शहरी आले आणि तेथे त्यांनी शिवणयंत्रांचा कारखाना काढला.

१८६८ साली टर्नरच्या पुतण्याने पॅरिसहून एक दुचाकी आणली. ती जड, ओबडधोबड होती. पण स्टार्लीस तिने वेड लावले. १८७० साली विल्यम हिलमन यांच्यासह त्याने तारांच्या आऱ्यांची, लोखंडी बांधणीची हलकी दुचाकी तयार केली. १८७४ साली त्याने चाकाच्या तारा तिरप्या बसविण्याची रीत काढली. आपल्या सायकलीच्या चाकाकडे पाहा. त्या तारा बहुधा आजही तशाच तिरप्या असतात.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. स्टार्लीने दोघांनी शेजारी बसून चालविण्याची एक गाडी केली होती. एका बाजूचे चाक एकाने फिरवावयाचे, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्याने. असे सांगतात की, एके दिवशी तो आपल्या मुलासह तीवर निघाला. मुलगा तरुण, पायांत जोर अधिक, बाप थकलेला. जोडीतला एक बैल थोर व दुसरा उणा असला म्हणजे बैलगाडी जशी एका अंगास ओढली जाते, तशी ती गाडी वाकडी धावली आणि दोघेही रस्त्याकडेच्या खाजरीच्या झुडपांत जाऊन पडले. अंगाची आग होत असताही स्टार्ली विचारात गढून गेला. दोघांचा जोर एकत्र करून तो दोन्ही चाकांना सारखा वाटला, आणि तरीही वळणावर बाहेरच्या चाकास अधिक धावू दिले, तर? त्यातून १८७७ साली त्याच्या तीनचाकीत दातेरी चाकांची ती योजना आली, जिला आज आपण डिफरन्शियल म्हणतो. फ्रान्समधील पेक्यूर या घड्याळ-कारागिराने अर्धशतकापूर्वीच वाफेच्या गाडीसाठी असाच उपाय योजिला होता. पण तो रस्त्यावर लोकांच्या नित्य वापरात आणण्याचे श्रेय स्टार्लीकडे जाते. १८८१ साली व्हिक्टोरिया राणीने त्याच्या दोन तीनचाकी मागविल्या. त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, तो निवर्तला. त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली आजच्या घडणीची सायकल रूढ केली. हा धंदा लवकरच आपल्याकडेही पोहोचला. १८८८ साली बेळगावी सायकलींचे दुकान घालणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगराचे कारखानदार झाले.

मग बगिच्यातले चाक का फिरले नाही? डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. गाऱ्यातले चाक निसटते, त्यास फिरण्यास जोर लागतच नाही. म्हणून घट्ट जमिनीवरील चाकासही तेवढाच, म्हणजे नगण्य, जोर मिळतो. वळणावर जो गुण, तोच चिखलात दोष! यावर पुढील कारागिरांनी कुलूप शोधले. ट्रॅक्टरवर ते पायाने दाबावयाचे असते. दाबताच दोन्ही चाके एकजीव होतात. ते सरळ जातानाच दाबावे आणि वळण्यापूर्वी सोडावे, हा नियम आपल्या घरच्या ट्रॅक्टरवाल्यांस ठाऊक असेलच.

दुसरे कुलूप आपोआप चालते. त्यातील दाते सरळ वाटेवर दोन्ही चाकांना जखडून ठेवतात आणि वळणावर पुढे धावू पाहणाऱ्या चाकास सुटे करतात. ते बसविणे जाणत्या मिस्त्रीचे काम. दात्यांमधील फट अचूक राखावी लागते. बसविल्यावरही त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. वळताना कटकट आवाज येतो, दोन्ही टायर सारख्या मापाचे व सारख्या हवेचे ठेवावे लागतात, आणि ओल्या डांबरी वळणावर जोराने गाडी हाकल्यास तिचा मागचा भाग घसरू शकतो. गाऱ्यातून तारणारे कुलूप तेथे घात करील. म्हणून अशा वळणावर वेग आधीच आवरावा.

स्टार्लीच्या चरित्रातून आम्ही हेच शिकलो. चाकांना मोकळीक केव्हा द्यावी आणि एकत्र केव्हा बांधावे, हे यंत्रासही शिकवावे लागते. मग माणसास किती! खाजरीत पडलेल्या बापाने मुलाच्या जोरास दोष दिला नाही. दोघांचा मेळ बसविला.

गॅरेजात मागची दोन्ही चाके उचललेली, एंजिन बंद असून गिअरमध्ये ठेवलेली साधी गाडी दिसली, तर मिस्त्रीकाकांना एक चाक हाताने फिरवून दाखविण्याची विनंती करा. दुसरे चाक उलट दिशेने फिरेल. ते का, याचे उत्तर आमच्या त्या विद्यार्थ्याने आम्हांस आधीच सांगितले आहे. तुमचे उत्तर ऐकावयास आम्ही उत्सुक आहोत.