हरिभाऊ आपटे : यमूची कहाणी लिहिणारे लेखक

हरी नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. १८९० साली त्यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं. त्यातच 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमाने छापली गेली. यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते. आई निमूटपणे सोसत राहते, लेकीलाही तेच वळण लावते. पुढे यमू विधवा होते, तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. आईने शिकवलेलं सोसणं तिला वाचवत नाही. ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ गेले. शिक्षक-पालकहो, वर्गात आणि घरात झाडू अजूनही मुलीच्याच हातात जातो का, एवढं आपण नक्की पाहूया.