शांतिसेना उभी करणारा माणूस, ज्याच्या विमानाला सोबत द्यायला एकही लढाऊ विमान नव्हतं

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे निळं हेल्मेट घातलेले सैनिक तुम्ही बातम्यांमध्ये पाहिले असतील. हे हेल्मेट निळं कसं झालं? तर १९५६ साली निळ्या बेरे टोप्या हव्या होत्या, पण त्या शिवून यायला कित्येक आठवडे लागणार होते. मग अमेरिकी सैन्याकडची प्लास्टिकची हेल्मेट घेतली आणि त्यांवर निळा रंग फवारला.

शांतिसेना नावाची गोष्ट अशीच उसनवारीवर उभी राहिली. ती उभी करणारे होते डॅग हॅमरशोल्ड.

जन्म १९०५ चा, स्वीडनमधला. वडील पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वीडनचे पंतप्रधान होते. हॅमरशोल्ड शिकले अर्थशास्त्र, तिशीतच अर्थखात्यात मोठ्या पदावर गेले, पुढे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. १९५३ साली ते संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. बड्या देशांना वाटलं, हा गप्प राहून फायली सांभाळणारा माणूस आहे.

तीन वर्षांत सुएझ पेटलं. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि इस्रायल, ब्रिटन, फ्रान्सनं हल्ला केला. ब्रिटन आणि फ्रान्सकडं व्हेटो असल्यानं सुरक्षा परिषद अडली, विषय आमसभेत गेला. कॅनडाचे लेस्टर पिअरसन यांनी सुचवलं, मध्ये उभी राहणारी एक आंतरराष्ट्रीय फौज पाठवा. आमसभेनं हॅमरशोल्ड यांना आराखडा द्यायला ४८ तास दिले.

आता फौज म्हणजे फक्त सैनिक नाहीत. त्यांना कोण नेणार, जेवण कुठून येणार, हुकूम कोणाचा, पगार कोण देणार? यातलं काहीच तयार नव्हतं. तरी ४ नोव्हेंबरला ठराव झाला आणि १५ नोव्हेंबरला पहिली तुकडी इजिप्तमध्ये उतरली. पुढं दहा देशांचे मिळून साधारण ६ हजार सैनिक झाले, त्यात भारताचेही होते. कॅनडाच्या पायदळाला मात्र इजिप्तनं नकार दिला, कारण त्या पलटणीचं नाव आणि गणवेश ब्रिटिशांसारखा होता. हॅमरशोल्ड यांनी मार्ग काढला आणि कॅनडानं रसद, दळणवळण सांभाळणारे लोक पाठवले.

नियमही त्यांनीच घालून दिले. यजमान देशाची संमती हवी, गोळी फक्त स्वसंरक्षणासाठी, बड्या पाच देशांचे सैनिक नकोत. अडकलं ते पैशाच्या प्रश्नावर. सैनिकांचा नेहमीचा पगार ज्याच्या त्याच्या देशानं द्यायचा, वरचा खर्च सगळ्या सदस्यांनी वाटून घ्यायचा, असं ठरलं आणि १ कोटी डॉलरचं वेगळं खातं उघडलं. सोव्हिएत गटानं हात वर केले. ज्यांनी हल्ला केला त्यांनीच भरावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुएझमध्ये हे निभावलं. काँगोत नाही.

३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झाला, काही दिवसांत सैन्यानं बंड केलं, बेल्जियमची फौज परत आली आणि कटांगा हा खनिजांनी भरलेला प्रांत फुटून निघाला. हॅमरशोल्ड यांनी तातडीनं सैन्य पाठवलं. पुढं हा आकडा २० हजारांच्या आसपास गेला आणि खर्च महिन्याला सुमारे १ कोटी डॉलर. संयुक्त राष्ट्रांचं अख्ख्या वर्षाचं नेहमीचं बजेट एकीकडं आणि एकट्या काँगोचा खर्च त्याहून जास्त! सोव्हिएत युनियन आणि फ्रान्स, दोघांनीही पैसे द्यायला नकार दिला.

एवढा डोलारा चालवत कोण होतं? न्यूयॉर्कच्या मुख्यालयात ३८ व्या मजल्यावर बसणारी मूठभर माणसं. राल्फ बंच त्यात होते, लष्करी सल्लागार म्हणून भारताचे मेजर जनरल इंदरजीत रिखे होते. स्वतंत्र खातं नाही, लष्करी नियोजनाचा मोठा कक्ष नाही. हॅमरशोल्ड यांचं कौतुक करताना ही बाजू लोक विसरतात, पण सगळं एका माणसाच्या टेबलावर आणण्याचा धोका त्यांनी स्वतःच पत्करला होता.

काँगोचे पंतप्रधान लुमुंबा यांना कटांगा बळानं परत हवा होता, हॅमरशोल्ड यांनी नकार दिला. जानेवारी १९६१ मध्ये कटांगात लुमुंबांची हत्या झाली, तेव्हा शांतिसेना त्याच देशात होती. हा डाग पुसला गेलेला नाही. त्याआधीच ख्रुश्चेव्ह यांनी सरचिटणीसपद मोडून तीन जणांचं मंडळ करायची मागणी केली होती. छोट्या देशांच्या भरवशावर हॅमरशोल्ड टिकून राहिले.

सप्टेंबर १९६१ मध्ये शांतिसेनेनं कटांगात कारवाई सुरू केली. ती हॅमरशोल्ड यांना आधी कितपत माहीत होती, यावर आजही वाद आहे. कारवाई फसली. जॅडोव्हिलला दीडशेच्या आसपास आयरिश सैनिक वेढले गेले (नेटफ्लिक्सवर सिनेमा आहे, बघितला असेल). कटांगाकडं उडण्याजोगं जेट जवळपास एकच होतं, फूगा मॅजिस्टर. पण शांतिसेनेकडं एकही लढाऊ विमान नसल्यानं आकाश त्या एका जेटचं झालं. इथियोपियाकडून जेट मागवली होती, ती ब्रिटिश प्रदेशावरून येणार होती आणि परवानगी वेळेत मिळाली नाही.

हॅमरशोल्ड स्वतः युद्धबंदीची बोलणी करायला निघाले. फूगा टाळायला विमान १७ सप्टेंबरच्या रात्री लांबचा वळसा घालून, रेडिओ जवळपास बंद ठेवून एन्डोलाकडं गेलं. हे ठिकाण आजच्या झांबियात आहे. मध्यरात्रीनंतर, विमानतळ जवळ आलेला असताना, ते जंगलात कोसळलं. विमानात १६ जण होते. एक सुरक्षारक्षक काही दिवस जगला, मग तोही गेला. अपघात की हल्ला, याचा तपास संयुक्त राष्ट्रांनी अलीकडच्या काळात पुन्हा उघडला आहे.

त्या वर्षीचं शांततेचं नोबेल त्यांना मरणोत्तर मिळालं. लढाऊ विमानंही आली, ऑक्टोबरमध्ये. स्वीडन, इथियोपिया आणि भारतानं ती पाठवली. पैशासाठी संयुक्त राष्ट्रांना २० कोटी डॉलरचे रोखे विकायला काढावे लागले. शांतिसेनेचा खर्च हा संस्थेचाच खर्च आहे, असं मत जुलै १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ९ विरुद्ध ५ नं दिलं, तरी थकबाकीचं भांडण मिटलं नाही. १९६४ च्या आमसभेचं अधिवेशन त्या वादात जवळपास मतदानाविनाच गेलं. आणि शांतिसेनेसाठी स्वतंत्र विभाग मुख्यालयात उघडायला १९९२ साल उजाडलं.