बर्फाच्या कारखान्यातला डिझेल

डिझेल हे आडनाव आहे, ही गोष्ट आपल्यापैकी निम्म्या जणांना थेट थर्मोच्या ओरलला कळते. तोपर्यंत डिझेल म्हणजे पंपावर मिळणारं, वासाचं, पेट्रोलपेक्षा थोडं स्वस्त असं काहीतरी. ऑटो सायकल, डिझेल सायकल, ड्युअल सायकल अशा तीन पी-व्ही आकृत्या घोकायच्या, कटऑफ रेशोचं सूत्र पाठ करायचं आणि पेपर टाकून यायचं. त्या आकृतीमागे एक माणूस होता, त्याला बायको होती, तीन मुलं होती, जन्मभराची डोकेदुखी होती आणि शेवटी डोंगराएवढं कर्ज होतं, हे काही सिलॅबसमध्ये नाही. म्हणून हा लेख. शिवाय आणखी एक गंमत आहे. रुडॉल्फ डिझेल हा मुळात इंजिनवाला नव्हताच. तो होता बर्फवाला!

मी राहतो पालीला. सुधागडची गणपतीची पाली नव्हे (हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं), तर भाईंदरच्या पश्चिमेची, उत्तनजवळची, समुद्राला चिकटलेली पाली. आमच्याकडे दोन गोष्टी भरल्याशिवाय बोट सुटत नाही, एक बर्फ आणि दुसरं डिझेल. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि काकांच्या बोटीतला बर्फाचा खण आणि त्याच्या मागचं मशीन डोळ्यांसमोर आणलं. अंतर जेमतेम पाच-सहा पावलं.

डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आई-वडील मात्र जर्मन, बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, म्हणजे घरात पैसा बेताचाच. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाची लढाई जुंपली आणि पॅरिसमधल्या जर्मनांना गाशा गुंडाळावा लागला. कुटुंब लंडनला गेलं. तिथे पोटापाण्याची मारामार, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडलं. ते काका गणिताचे मास्तर होते. पोराने तिथेच ठरवून टाकलं की आपण इंजिनिअर व्हायचं. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे. मेकॅनिकलवाल्यांना हे नाव माहीत असेल. अमोनियावर चालणारं शीतयंत्र व्यवहारात उतरवणारे आणि पुढे हवेचं द्रवीकरण करणारे तेच हे लिंडे. कार्नो सायकलवरच्या तासाला त्यांनी सांगितलं की चांगल्यातलं चांगलं वाफेचं इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के कामाला लावतं, बाकीची सगळी वाया जाते. आपणही हे ऐकतो, वहीत उतरवतो आणि विसरतो. डिझेलला ते टोचलं. नव्वद टक्के वाया! पुढची पंधरा-वीस वर्षं ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. (एटीकेटीवाल्यांनी उगाच खूश होऊ नये. जानेवारी १८८० मध्ये तीच परीक्षा तो अव्वल गुणांनी पास झाला.) मधल्या काळात स्वित्झर्लंडमध्ये झुल्त्सरच्या कारखान्यात हात काळे करून घेतले. मग लिंडेंनी त्याला पॅरिसला नेलं, बर्फाचा कारखाना उभारायला. वर्षभरात हा बाविशी-तेविशीचा पोरगा त्या कारखान्याचा प्रमुख झाला. १८८१ मध्ये त्याने बाटलीतच स्वच्छ पारदर्शक बर्फ तयार करण्याचं पेटंटही घेतलं. तब्बल दहाएक वर्षं तो बर्फ आणि थंडी विकत होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. आमच्या बाजूला मधूनमधून शूटिंगवाले येतात. असंच एकदा एप्रिलच्या उन्हात एक छोटी व्हॅनिटी व्हॅन किनाऱ्याजवळ उभी होती. तिच्यात एक टनाचा एसी होता आणि तो चालवायला बाहेर एक दोन केव्हीएचा छोटा पोर्टेबल जनरेटर ठेवला होता, हाताने उचलून नेतात तसला. जनरेटर मजेत चालू, व्हॅनमधले दिवे आणि पंखे चालू. एसीचं बटण दाबलं की मात्र जनरेटर घुसमटल्यासारखा आवाज काढायचा, दिवे मंदावायचे आणि खट्! ट्रिप. इलेक्ट्रिशियन लगेच परत चालू करायचा, परत खट्. बघ्यांमध्ये मीही होतो. हिशेब तर कागदावर बरोबर दिसत होता. एक टनाच्या एसीला चालताना पाच-सहा अँपिअर लागतात आणि दोन केव्हीएचा जनरेटर २३० व्होल्टला साडेआठच्या आसपास देऊ शकतो. मग अडतं कुठे?

अडतं सुरुवातीला. आत कॉम्प्रेसर आहे, त्याची मोटार इंडक्शनची. थांबलेल्या अवस्थेतून सुटताना ती क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे पंचवीस-तीस अँपिअर. घरच्या लायनीला त्याचं काही वाटत नाही, कारण तिच्यामागे अख्खं पॉवर स्टेशन असतं. छोट्या जनरेटरमागे मात्र एक छोटं इंजिन. ते दबतं, व्होल्टेज कोसळतं, आणि मोटारचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो त्याहून जोरात कोसळतो. कॉम्प्रेसर जागचा हलत नाही, करंट तसाच चढलेला राहतो, जनरेटर ट्रिप होतो. त्यात लगेच पुन्हा बटण दाबलं तर आणखी पंचाईत, कारण गॅसचा दाब दोन्ही बाजूंना समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात. सॉफ्ट स्टार्टर लावला किंवा हळूहळू वेग घेणारा इन्व्हर्टर एसी असला, तर असल्या छोट्या जनरेटरवरही काम भागू शकतं. (आणि जनरेटर कधीही गाडीच्या आत किंवा खिडकीखाली ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.) त्या दिवशी शेवटी दुपारी मोठी जनरेटर व्हॅन आली. तो छोटा होता पेट्रोलचा, म्हणजे ऑटोसाहेबांचा. ही मोठी होती डिझेलची!

आणखी एक बारीक गोष्ट. एसीचा टन म्हणजे वजन नव्हे, हे ओरलला हमखास विचारतात. एक टन बर्फ, अमेरिकन हिशेबाचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल तेवढं गार करण्याची ताकद. सुमारे साडेतीन किलोवॉट. म्हणजे आपला एसी अजूनही बर्फाच्या लादीतच मोजला जातो. डिझेलच्या कारखान्यात हे एकक कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं.

तर हा माणूस दिवसा थंडी तयार करायचा आणि रात्री इंजिनाचा विचार करायचा. दोन्ही यंत्रांचं मूळ एकच आहे, एक सायकल सुलट फिरवायची, दुसरी उलट. त्याने आधी हातातलंच साधन वापरून बघितलं, पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायचं. बरीच वर्षं त्यात गेली, जमलं नाही. पण अति दाबाखाली वायू कसा वागतो हे त्याला त्यात नीट उमगलं. मग कल्पना सुचली, की हवाच इतकी दाबायची की ती तापून लाल होईल आणि इंधन आत सोडल्याबरोबर आपोआप पेटेल. ठिणगी नको, प्लग नको.

१८९२ मध्ये त्याने बर्लिनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं, क्रमांक ६७२०७. आता ऐका, त्या पेटंटमध्ये आपली डिझेल सायकल नाहीच! त्याला ज्वलन स्थिर तापमानाला घडवायचं होतं, कार्नोच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. हिशेब केल्यावर लक्षात आलं की त्यासाठी दाब शेकड्यांत न्यावा लागेल आणि इंजिनाची सगळी कमाई हवा दाबण्यातच खर्च होईल. तेव्हा त्याने तडजोड केली. आपण परीक्षेत काढतो ती स्थिर दाबाची आडवी रेघ ही ती तडजोड आहे. मला स्वतःला त्याच्या मूळ कल्पनेपेक्षा ही माघार जास्त मोठी वाटते. पुढे त्याच्या शत्रूंनी याच मुद्द्यावर त्याला छळलं, की तुमचं इंजिन आणि तुमचं पेटंट यांचा संबंध काय?

ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी त्याला जागा दिली, क्रुपने पैसा दिला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी. आत पेट्रोल सोडलं, धडाका झाला, दाब मोजायच्या उपकरणाचे तुकडे उडाले, डिझेल थोडक्यात वाचला. एवढं मात्र सिद्ध झालं की इंधन आपोआप पेटतं. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन प्रथमच स्वतःच्या जोरावर फिरलं, एक मिनिट, ८८ फेरे. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकच्या प्राध्यापक श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली. वीसेक हॉर्सपॉवरचं एकच सिलिंडर आणि कार्यक्षमता २६.२ टक्के! वाफेच्या इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट. ते यंत्र म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेलं आहे.

पैशाचा पाऊस पडला. अमेरिकेचे हक्क आडॉल्फस बुश याने १८९७ मध्ये दहा लाख मार्कांना घेतले. हा बुश बिअरवाला, म्हणजे बर्फाचं मोठं गिऱ्हाईक, बघा पुन्हा बर्फच! रशियात नोबेल कुटुंबाने हक्क घेतले आणि १९०३ मध्ये व्होल्गा नदीवर वँडल नावाची तेलवाहू बोट आणली. इंजिनाला उलटं फिरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तीन डिझेल इंजिनांना जनरेटर जोडले आणि त्या विजेवर मोटारी चालवून पंखे फिरवले. डिझेल जनरेटरवर मोटार चालवण्याची ही सुरुवातीची मोठी उदाहरणं. आपल्या रेल्वेची डिझेल लोको त्याच तत्त्वावर चालतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं.

पण डिझेलचं स्वप्न वेगळंच होतं, आणि मला या माणसाबद्दल जे वाटतं ते इथून पुढे वाटतं. त्याला छोटं इंजिन हवं होतं. घरात माग चालवणारा विणकर, छोटा सुतार, छोटा कारागीर यांच्याकडे मोठ्या गिरणीसारखं वाफेचं इंजिन नसतं म्हणून ते मरतात, त्यांच्या हाती स्वस्त ताकद द्यावी, असं त्याच्या मनात होतं. कामगारांच्या सहकारावर त्याने १९०३ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. ते खपलंच नाही. आणि इंजिन? इंधन आत फुंकायला त्याला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्र अवजड आणि महाग. ते घेतलं कारखानदारांनी, जहाज कंपन्यांनी आणि पाणबुड्यांसाठी आरमारांनी. विणकराच्या घरात ते शिरलं नाही. बॉशचा इंधन पंप बाजारात आला १९२७ ला, तेव्हा कुठे डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने लहान झालं. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली १९४६ ला, आणि मग आपल्याकडच्या विहिरीवर ते टुकटुकायला लागलं.

आमच्या पालीत शिडं गेली आणि मशीन आलं. छोट्या माणसाला ताकद मिळाली, हे खरंच. बोट लांब जायला लागली. लांब जायचं म्हणजे बर्फ जास्त, डिझेल जास्त, खलाशी जास्त. फेरी रिकामी आली तरी या तिन्हीचा हिशेब चुकत नाही. काका संध्याकाळी वही उघडून बसतात तेव्हा म्हावऱ्याच्या रकान्याआधी डिझेलचा रकाना भरतात. डिझेलने ही वही बघितली असती तर तो काय म्हणाला असता, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. कारण हिशेबाच्या वहीने त्यालाच संपवलं.

त्याला यंत्र कळायचं, पैसा कळत नव्हता. म्युनिकमध्ये राजवाड्यासारखं घर बांधलं, जमिनीच्या व्यवहारात बुडाला, पेटंटच्या भांडणांत खंगला. डोकेदुखी, निद्रानाश, मधे काही महिने तर आरोग्यगृहात. १९१३ पर्यंत त्याच्यावर फेडता येणार नाही इतकं कर्ज झालं होतं, आणि बाहेर जगाला तो कोट्यधीश वाटत होता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जायला ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. ही बोट वाफेवर चालणारी होती! सोबतच्या दोघांबरोबर जेवला, डेकवर गप्पा मारल्या, दहाच्या सुमाराला सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी बिछाना न मोडलेला. कठड्यापाशी त्याची टोपी आणि घडी केलेला कोट. रोजनिशीत त्या तारखेवर एक फुली. निघताना बायकोला एक बॅग देऊन आठवड्याने उघडायला सांगितली होती. तिच्यात रोख रक्कम होती आणि कर्जाचे कागद. खून झाला, हेरांनी मारलं, असं तेव्हापासून बोललं जातं. मला ती फुली आणि ती बॅग पुरेशी वाटते.

दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. समुद्र खवळलेला, प्रेत कुजलेलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. बंदीच्या दिवसांत काका मशीन खोलून बसले होते तेव्हा मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. कार्यक्षमता, पेटंट, नोबेल यांपैकी कशावरच ते काही बोलले नाहीत. वारा कुठला होता आणि त्यांनी त्याला किनाऱ्यावर का आणलं नाही, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

वस्तू होत्या गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू आणि चष्म्याचं घर. १३ ऑक्टोबरला हॉलंडमधल्या व्लिसिंगन बंदरात धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वडिलांच्या म्हणून ओळखल्या.